पत्त्यांतला गुलाम आणि कादंबरीतला

नववीच्या वर्गात फळ्यावर ‘गुलाम’ एवढाच शब्द लिहा आणि पहिल्यांदा काय आठवतं ते विचारा. बरीच पोरं पत्त्यांचं नाव घेतात: एक्का, राजा, राणी, गुलाम. मागच्या बाकावरून ‘गुलामचोर’ येतं. ज्यांच्या घरी आजी आहे त्यांना ‘गुलामा, कुठं उंडारत होतास?’ ही लाडाची शिवीही ठाऊक असते. ‘मालक’ शब्दाचं तर विचारूच नका. शेताचा मालक, दुकानाचा मालक आणि गावाकडच्या बायका नवऱ्याला म्हणतात तो मालक. अशा वर्गापुढे अमेरिकेतल्या गुलामगिरीवरची कादंबरी ठेवली आणि पहिल्याच पानावर ‘मालक अंगणात आले’ असं वाक्य आलं, तर पोरांच्या डोळ्यांपुढे धोतर नेसलेला, जरा तापट पण मनानं बरा असा कुणी शेतकरी उभा राहतो. पुस्तक तिथंच हातातून निसटतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी शाळांत अशी कादंबरी शिकवायची तर काय करावं, काय टाळावं आणि गाडी नेमकी कुठं रुतते, ते इथं लिहितोय. कादंबरी कोणती याला मी फार महत्त्व देत नाही. १८५० च्या आसपासची अमेरिकेतली दक्षिणेकडची राज्यं, कापसाचा मळा, विकलं जाण्याची टांगती भीती, पळून जायला बघणारं एखादं पात्र, असा साधारण साचा धरला आहे. पोरांना रडवणं सोपं असतं. पण वर्ग ‘बिचारे’ या शब्दाशी येऊन थांबला, तर कादंबरी नुसती वाचून दाखवली असं समजावं. शिकवायची अजून बाकीच आहे.

म्हणून पहिली तासिका शब्दांची. ‘मालक’, ‘मळा’, ‘काका’ हे तीन शब्द सगळ्यात जास्त फसवतात, कारण ते ओळखीचे आहेत. आपल्याकडे मळा म्हणजे विहिरीवरची मोटर, कोथिंबिरीचे वाफे, बांधावरचं घर. कादंबरीतला मळा म्हणजे शेकडो एकरांवर एकच पीक आणि ते पिकवायला विकत घेतलेली माणसं. २० किंवा त्याहून जास्त माणसं ज्याच्या मालकीची असत, त्यालाच इतिहासकार ‘मळेवाला’ म्हणतात. हा २० चा आकडा फळ्यावर लिहावा. ‘मालकीची’ या शब्दाखाली रेघ मारावी.

‘काका’ हा याहून अवघड सापळा. दक्षिणेतले गोरे लोक वयस्क गुलामांना ‘अंकल’ आणि ‘आंट’ म्हणत. त्यात माया होती असं पोरांना वाटतं, कारण मराठीत त्याचं काका-मावशी होतं. खरं कारण उलटं आहे. गोऱ्या माणसाच्या नावामागे ‘मिस्टर’ लागायचं, ते काळ्या माणसाला द्यायचं नव्हतं. म्हातारपणी काहीतरी तर म्हणायला हवं, म्हणून ‘अंकल’. म्हणजे ‘काका’ हा शब्द मान देण्यासाठी नव्हता, तो टाळण्यासाठी होता. एवढं पहिल्या दिवशी सांगितलं नाही तर पुढे प्रत्येक ‘काका’पाशी वर्गाचा गैरसमज पक्का होत जातो.

इंग्रजीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ या सगळ्यांना एकच शब्द आहे. कुणी कुणाला अरे-कारे करायचं ते मराठी अनुवादक ठरवतो. त्यामुळे पुस्तक निवडताना संवादांची पाच-सहा पानं आधी चाळावीत. काही अनुवादांत सौजन्य म्हणून सगळेच एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतात. असा अनुवाद घेऊ नये, कितीही सोपा असला तरी. चांगला अनुवाद मिळाला तर एक काम पोरांना जरूर द्यावं. संवादांची चार पानं घ्यायची, ‘तू’ खाली पेन्सिलीनं एक रेघ, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ खाली दोन. मग वहीत तीन रकाने: कोण बोललं, कुणाला, वय किती. दहा वर्षांचा गोरा पोरगा साठीच्या माणसाला नावानं आणि ‘तू’ म्हणून हाक मारतो, हे रकान्यात उतरलं की वर्गात कुजबुज सुरू होते. कारण आपल्याकडे घरच्या सालगड्यालासुद्धा मालकाचं पोर ‘मामा’ किंवा ‘आण्णा’ म्हणतं. पोटातलं अंतर असतंच, पण तोंडानं तरी म्हणतं. या चार पानांतून जे कळतं ते तासभर व्याख्यान देऊनही कळत नाही.

आता हिशेब. वर्गात ४० पोरं, शाळेनं घेतलेल्या १० प्रती, कादंबरी १८० पानांची, तासिका ४० मिनिटांची, असं धरू. मोठ्यानं वाचायला एका पानाला अडीच मिनिटं लागतात. अख्खं पुस्तक वर्गात वाचायचं तर ४५० मिनिटं, म्हणजे ११ तासिका नुसत्या वाचनात जातील आणि बोलायला वेळच उरणार नाही. त्यामुळे १६ तासिका मिळणार असतील तर ६० पानं वर्गात, म्हणजे साधारण चार तासिकांचं वाचन, आणि १२० पानं बाहेर. एका प्रतीवर चौघं. प्रत्येकाला सगळी पानं घरी वाचायला द्यायची म्हटली तर १२ पानांचा एक भाग चौघांत फिरायला चार दिवस, आणि असे दहा भाग. चाळीस दिवस गेले. हा हिशेब आधी केला नाही तर तिसऱ्या आठवड्यात वर्गात दोन जमाती होतात: वाचून पुढे गेलेली पोरं आणि मागे राहून गप्प बसलेली. त्यापेक्षा १२० पैकी ४० पानांचा सारांश शिक्षकानं स्वतः लिहून वाटावा. उरलेली ८० पानं चौघांत वीस-वीस वाटावीत. ज्यानं जी वीस पानं वाचली ती त्यानं बाकीच्या तिघांना तोंडी सांगायची. प्रत प्रत्येकाकडे पाच दिवस. सांगणारा काय गाळतो हेही चर्चेला उपयोगी पडतं. पोरं मारहाण हमखास सांगतात आणि दोन बायका चुलीपाशी बसून काहीतरी ठरवतात ते हमखास गाळतात.

वेळ नववीचीच बरी. आठवीला थोडं लवकर होतं आणि दहावीला एसएसएलसीचं भूत मानेवर असतं. जून ते ऑगस्ट खानापूर भागात पाऊस असा की निम्मे बाक रिकामे. दसऱ्याच्या सुटीनंतर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू करून नाताळापर्यंत संपवावं. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यात्रेमुळे दोन-तीन दिवस हजेरी घसरते. त्या दिवसांत महत्त्वाचं प्रकरण ठेवू नये.

इतिहासाची पार्श्वभूमी एका तासिकेत उरकावी, जास्त नको. आफ्रिकेतून अटलांटिकपलीकडे नेण्यासाठी जहाजांवर चढवलेली माणसं सुमारे १ कोटी २५ लाख. जिवंत उतरली ती सुमारे १ कोटी ७ लाख. त्यांतली सगळ्यात जास्त ब्राझील आणि वेस्ट इंडीजकडे गेली. आजच्या अमेरिकेच्या किनाऱ्यावर थेट उतरली ती ४ लाखांच्याही आत. १८०८ पासून बाहेरून माणसं आणायला तिथं बंदी आली. तरी १८६० च्या शिरगणतीत तिथं साडेएकोणचाळीस लाख गुलाम होते. आणणं बंद, तरी संख्या वाढली, ती कशी? हा प्रश्न टाकून थांबावं. उत्तर १६६२ च्या व्हर्जिनियातल्या एका कायद्यात आहे: बाप कुणीही असो, मूल आईच्या दर्जाचं. आई गुलाम तर मूल जन्मतः गुलाम, आणि आईच्या मालकाचं. या कायद्याचा अर्थ नववीच्या मुलींना मुलांच्या आधी कळतो. त्यांच्या चेहऱ्यावर तो दिसला की शिक्षकानं विषय तिथंच ताणू नये. एवढंच म्हणावं की बाईच्या शरीरावरही मालकाचा हक्क धरला जायचा आणि कायदा तिच्या बाजूनं नव्हता. कादंबरीत अत्याचाराचा प्रसंग थेट असेल तर ती पानं सारांशातल्या ४० पानांत टाकावीत. फटक्यांचा प्रसंगही मोठ्यानं वाचू नये. घरी मार खाणारं पोर प्रत्येक वर्गात असतंच. पुस्तक सुरू करण्याआधी पालकांना चार ओळींची चिठ्ठी जावी: पुस्तकाचं नाव, विषय, हिंसेचे प्रसंग आहेत, पाहायचं असेल तर शाळेत या.

यानंतर तीन प्रश्नांचा काटा. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावा, कारण पुढे दर आठवड्याला लागतो. या माणसाला कुणी विकू शकतं का? त्याचं मूल जन्मतःच दुसऱ्याच्या मालकीचं होतं का? तो पळाला तर कायदा त्याला पकडून परत देतो का?

मग एकेक शब्द या काट्यावर ठेवायचा. सालगडी: तिन्हीला नाही. ऊसतोड कामगार मुकादमाची उचल घेऊन येतो आणि फिटेपर्यंत अडकतो. कारखान्याच्या आसपासच्या शाळांत हे उदाहरण पोरंच काढतात. विक्री नाही, मूल मालकीचं नाही. पळाला तर मुकादम शोधत येतो खरा, पण १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानुसार कर्जापोटी माणूस डांबणं हाच गुन्हा आहे. कन्नड शाळेतली मित्रमंडळी ज्याला ‘जीत’ म्हणतात ते हेच. गिरमिटिया, म्हणजे १८३४ पासून मॉरिशसला आणि पुढे इतरत्र नेलेले मजूर, ज्यांत मराठी माणसंही होती: ठरावीक वर्षांचा करार, मूल स्वतंत्र, पण काम सोडून पळाला तर तुरुंग. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाला जवळजवळ हो. गावकामगारांची वेठ, जी कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी बंद केली: विक्री नाही, पण बापाचं काम पोराच्या गळ्यात जन्मतः पडायचं. दुसऱ्या प्रश्नापाशी वर्ग अडखळतो. अडखळू द्यावा.

‘आपल्याकडे असलं काही नव्हतं’ हे वाक्य आलं की पेशवाईतल्या कुणबिणी आणि बटकी काट्यावर ठेवाव्यात. या बायका विकल्या जात, विकत घेतल्या जात, बक्षीसही दिल्या जात. ब्रिटिश साम्राज्यातल्या बऱ्याच भागांत गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ चा, पण कंपनी सरकारचा मुलूख त्यातून वगळला होता. इथं १८४३ च्या पाचव्या कायद्यानं कोर्टांनी गुलामीचा हक्क मानणं बंद केलं. माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला तो १८६२ पासून अंमलात आलेल्या दंडसंहितेनं. यावर एक हुशार पोरगा म्हणणार, ‘म्हणजे आपण अमेरिकेच्या आधीच की ओ सर!’ त्याला कायद्याचं साल आणि गावातली रीत यांतला फरक विचारावा. उदाहरणं त्याला घरबसल्या सापडतील.

इथवर सगळं कोल्हापुरातल्या किंवा साताऱ्यातल्या वर्गालाही लागू आहे. पुढचं मात्र खास आपलं. १ नोव्हेंबरच्या आगेमागे होणारी भाषणं पोरांनी ऐकलेली असतात. ‘१९५६ पासून सीमाभागातला मराठी माणूस गुलामगिरीत आहे’ हे वाक्य वर्गात येतंच. शिक्षकानं दचकू नये, हसण्यावारी नेऊ नये, टाळ्याही घेऊ नयेत. काटा वहीत आहेच. लावायला सांगावा. तिन्ही उत्तरं नाही अशीच येतात. भाषेचं गाऱ्हाणं त्यानं खोटं पडत नाही. पाट्या, सातबारा, परिपत्रकं यांचं दुखणं खरं असू शकतं, फक्त त्याला त्याचा स्वतःचा शब्द लागतो. कादंबरीतली आई आपलं पोर विकलं जाताना बघते. तोच शब्द पाटीच्या भाषेला लावला तर दोन्ही गोष्टी धूसर होतात. याच कारणानं ऑक्टोबरच्या अखेरीस पुस्तक सुरू करू नये, असं माझं मत आहे. वातावरण निवलं की काटा नीट चालतो.

सीमेवरच्या पोरांना एक गोष्ट मात्र इतरांपेक्षा लवकर कळते: रेघ ओलांडली की नियम बदलतो. निपाणीहून कागलला जाताना पाटीची लिपी बदलते, एसटीचा रंग बदलतो. ओहायो नदी अशीच रेघ होती. दक्षिणेला केंटकी, गुलामगिरी कायदेशीर. उत्तरेला ओहायो, तिथं बंदी. नकाशावर नदी निळ्यानं नाही, लाल खडूनं काढावी. मग १८५० चा फरारी गुलामांचा कायदा सांगावा. त्यानंतर नदीपलीकडे पोचलेल्यालाही पकडून परत द्यायचं आणि तिथल्या सामान्य माणसानंही त्यात मदत करायची, असं ठरलं. म्हणजे रेघ सरकली आणि थेट कॅनडाच्या हद्दीवर गेली. कादंबरी १८५० च्या आधी घडते की नंतर, हे पहिल्या दिवशीच बघून ठेवावं. पात्र नदी ओलांडूनही का थांबत नाही, याचं उत्तर बहुधा त्या सालात असतं.

‘तर मग सगळेच पळून का गेले नाहीत?’ हा प्रश्न दुसऱ्या आठवड्यात येणार. त्यात छुपा दोषारोप असतो, त्यामुळे आकड्यानं उत्तर द्यावं. मध्य अलाबामातून ओहायो नदी सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटर. बेळगावहून बंगळूर रस्त्यानं पाचशेच्या आसपास. फक्त रात्री, रस्ता सोडून, रात्रीला १५ किलोमीटर धरले तर ४३ रात्री. खायला काय? पासशिवाय, म्हणजे मालकाच्या चिठ्ठीशिवाय, दिसलेल्या काळ्या माणसाला हटकणारी गस्त, मागावरचे कुत्रे, कडेवर मूल असेल तर त्याचं रडणं. शिवाय मागे राहिलेली आई. प्रत्येक गटानं कादंबरीतलं एक पात्र घेऊन दोन याद्या कराव्यात: पळण्याआधी काय लागेल आणि कोण मागे राहील. दुसरी यादी नेहमी लांब होते. त्याच तासिकेत न पळता केलेला विरोधही शोधायला लावावा: काम मुद्दाम संथ करणं, अवजार मोडणं, दोन दिवस रानात दडून परत येणं, चोरून अक्षरं शिकणं. शेतकऱ्याच्या पोरांना पहिले दोन लगेच ओळखू येतात.

बैलहोंगल, सौंदत्तीकडची काळी जमीन जवळ असेल तर कापसाची तासिका चुकवू नये. बाजारातून सरकीसकट कापूस आणावा, ४० पोरांना एक किलो पुरतो, प्रत्येकी २५ ग्रॅम. दहा मिनिटं हातानं सरकी सोडवायची, मग रुई वजन करायची. सगळी सुटली तरी २५ ग्रॅममधून आठ-नऊ ग्रॅमच रुई निघते, आणि दहा मिनिटांत सगळी सुटत नाही, कारण या जातीचं सूत बीला घट्ट चिकटलेलं असतं. सोनाराकडचा किंवा प्रयोगशाळेतला काटा घ्यावा, किराणा दुकानातल्या काट्यावर एवढं वजन दिसत नाही. अमेरिकेत हातानं दिवसाला माणशी पौंडभर रुई निघायची. १७९३ मध्ये एली व्हिटनीचं जिन, म्हणजे सरकी काढायचं यंत्र, आलं आणि तेच काम पन्नास पौंडांवर गेलं. आता विचारा: यंत्र आलं, मग गुलाम कमी झाले का वाढले? वर्ग एकमुखानं ‘कमी’ म्हणतो. १७९० ला सात लाखांच्या आत, १८६० ला साडेएकोणचाळीस लाख. सरकी काढणं स्वस्त झालं म्हणून कापूस परवडू लागला, आणि लावण-वेचणी तर हातानंच होती. पोरांनी घरी जाऊन कापूस वेचणाऱ्या बाईला दिवसाला किती किलो होतात ते विचारून यावं. मळ्यावर मोठ्या माणसाकडून २०० पौंडांची, म्हणजे ९० किलोंची अपेक्षा असायची. वजन कमी भरलं तर फटके.

हा धागा आपल्या दारापर्यंत येतो. ब्रिटनच्या गिरण्यांचा सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून जायचा. त्याला पर्याय हवा म्हणून कंपनीनं १८४० मध्ये अमेरिकी मळेवाले हिंदुस्थानात आणले. न्यू ऑर्लिन्सचं बी धारवाडकडे चांगलं रुजलं आणि ‘धारवाड-अमेरिकन’ कापूस बाजारात आला. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कापूस अडला, इथले भाव चढले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले. कादंबरीच्या नायकाची सुटका आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याचं कर्ज एकाच सालात येतात, ही गोष्ट पोरं विसरत नाहीत.

जहाजाच्या प्रकरणासाठी वर्गात खडूनं एकच चौकोन आखावा: लांबी ६ फूट, रुंदी १६ इंच. ‘ब्रूक्स’ या गुलाम वाहणाऱ्या जहाजाच्या १७८८ च्या प्रसिद्ध आराखड्यात एका पुरुषाला एवढी जागा होती. त्यात कुणालाही झोपवू नये. झोपवलं की हशा पिकतो, मग काहीही परत येत नाही. चौकोन तासभर तसाच ठेवावा, पोरांनी त्याला वळसा घालून जावं-यावं. प्रवास दीड-दोन महिन्यांचा, कधी जास्तही, एवढंच सांगावं.

लिलावही वर्गात करून दाखवू नये. नाटुकलं करायची हौस शिक्षकांना फार, पण कुणाला तरी विकलं जाणारं पोर व्हावं लागतं, आणि ते पोर कोण होणार हे वर्गातली जात, रंग, गरिबी ठरवते. त्यापेक्षा चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेतला बैलबाजार आठवायला सांगावा. बैल घेताना काय बघतात? दात, खूर, चाल, पाठीवरचे वळ, खोड आहे का. यादी फळ्यावर. मग लिलावाचं पान शांतपणे वाचावं. यादीतली प्रत्येक गोष्ट तिथं माणसाच्या बाबतीत येते, अगदी पाठीवरच्या वळांसकट, कारण वळ म्हणजे ‘पळपुटा’ असा खरेदीदाराचा हिशेब. कुणी काही बोलत नाही. बोलायला लावू नये.

खानापूरच्या दक्षिणेला आणि पुढे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे सिद्दी लोक राहतात. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं, आणि त्यांतले बरेच पळून घाटातल्या जंगलात आले. म्हणजे ‘पळून का गेले नाहीत’ या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात नांदतंय. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ मध्ये आणि बेळगाव-धारवाडमधल्यांना २०२० मध्ये अनुसूचित जमातीत घेतलं गेलं. २०२० मध्येच शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेवर नियुक्त झाले. हे सगळं सांगावं, पण वर्गात सिद्दी पोर असेल तर त्याच्याकडे बघून सांगू नये आणि ‘तुमच्या घरी काय सांगतात?’ असं तर कधीच विचारू नये. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. जुन्या मराठी पुस्तकांत काळ्या माणसासाठी सरसकट ‘हबशी’, ‘शिद्दी’ लिहिलेलं सापडतं. अनुवादात तसं असेल तर तो शब्द वर्गात वाचू नये. ‘काळ्या’ हे टोपणनाव तर प्रत्येक गल्लीत असतं. कादंबरी चालू असताना ते वर्गात ऐकू आलं तर तास थांबवून त्यावर बोलावं. पुस्तकापेक्षा ते जवळचं आहे.

सिद्दी म्हटलं की पोरांना जंजिरा आठवतो, म्हणजे शत्रू. त्यावर उतारा मलिक अंबर. इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला, धन्याच्या मृत्यूनंतर स्वतंत्र झाला आणि निजामशाहीचा कारभारी बनला. १६२६ ला वारला. दख्खनेतली लष्करी गुलामी आणि अमेरिकेतली मळ्यावरची गुलामी यांत फरक काय? काटा लावा. पहिल्याला हो. दुसऱ्यापाशी वाटा फुटतात: इथं गुलाम सुटून सरदार होऊ शकला, तिथं रंगच बेडी झाला.

शेवटच्या दोन तासिका जोतीराव फुल्यांसाठी. १८७३ चं ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना अर्पण केलं. फक्त अर्पणपत्रिका वाचावी. आतल्या पुराणकथांच्या चिरफाडीला वेगळी तयारी लागते. अमेरिकेतली गुलामगिरी घटनादुरुस्तीनं १८६५ मध्ये संपली. आठ वर्षांत पुण्यातला माणूस त्या लोकांना पुस्तक वाहतो. इथं वर्गातलं सगळ्यात तल्लख पोर शिक्षकाला पकडतं: सीमाभागाला तो शब्द लागत नाही म्हणालात, मग फुल्यांनी जातीला कसा लावला? प्रश्न रास्त आहे, झटकू नये. फुले काय दाखवतात ते काट्यावर ठेवावं: जन्मानं ठरलेलं काम पोराला चिकटतं, म्हणजे दुसरा प्रश्न. शिवाय साउथ कॅरोलायनानं १७४० मध्येच गुलामांना लिहायला शिकवण्यावर दंड बसवला होता, आणि इथं शूद्रांना-स्त्रियांना विद्या नाकारली जात होती. म्हणजे काट्यात चौथा प्रश्न घालावा का: ‘शिकायला बंदी आहे का?’ यावर वर्ग दोन गटांत वाद घालू दे. मतदान घेऊ नये. गुलामीतून पळून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसच्या १८४५ च्या आत्मकथनात तो मालकिणीकडून अक्षरं शिकू लागतो आणि मालक ते बंद पाडतो, तो प्रसंग या तासिकेला अर्ध्या पानात लिहून आणावा.

परीक्षेत ‘गुलामांच्या दयनीय अवस्थेचं वर्णन करा’ हा प्रश्न नको. त्याला गाइडातलं उत्तर येतं. ‘तू गुलाम आहेस अशी कल्पना करून रोजनिशी लिही’ हाही नको. पोरं सिनेमातले फटके लिहितात, आणि ज्याला लिहिताच येऊ नये असा कायदा होता त्याच्या नावानं रोजनिशी लिहितात. त्याऐवजी: अमुक पात्रापुढे या प्रकरणात कोणते दोन रस्ते होते, त्यानं कोणता घेतला, दुसऱ्यात काय गेलं असतं? किंवा मळ्याच्या हिशेबवहीतलं पान तयार कर, माणसं आणि खेचरं एकाच रकान्यात, किंमतीसह. मग त्याखाली पाच ओळींत लिही की या वहीत काय लिहिलं जात नव्हतं. उत्तरपत्रिका तपासताना ‘बिचारे’ आणि ‘दुर्दैवी’ या शब्दांभोवती लाल गोल करावा, गुण कापू नयेत. समासात एवढंच लिहावं: ‘दैवानं केलं की कुणी?’

शेवटी प्रती परत घेताना पेन्सिलीच्या खुणा खोडरबरानं पुसून घ्याव्यात. पुढच्या वर्षीच्या पोरांनी ‘तू’ खालच्या रेघा आपल्या आपण मारायच्या आहेत.